दोन छत्तीसांचा हिशेब: न्यूयॉर्कमधील माझ्या नूतनीकरणाचा अनुभव

मी न्यूयॉर्क राज्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट म्हणून एका पुनर्वसन विभागात काम करते. पक्षाघातानंतर ज्यांचा हात नीट चालत नाही, त्यांना शर्टाचे बटण लावणे, पेला धरणे, कुलपात किल्ली फिरवणे ही कामे पुन्हा शिकवणे हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. या कामासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राच्या आणि राज्याच्या नोंदणीच्या मागील नूतनीकरणाच्या वेळी जे घडले ते तपशिलाने लिहीत आहे, कारण आपल्याकडून आलेल्या अनेक मुलामुलींच्या मनात माझ्यासारखाच गोंधळ असल्याचे मी पाहिले आहे.

या देशात दोन गोष्टी सुरुवातीपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात. नॅशनल बोर्ड फॉर सर्टिफिकेशन इन ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे एनबीसीओटी, ही ना-नफा संस्था देशपातळीवरची परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र देते. नावापुढे ‘ओटीआर’ (नोंदणीकृत ऑक्युपेशनल थेरपिस्ट) लावण्याचा हक्क त्या प्रमाणपत्रामुळे मिळतो आणि तो टिकवण्यासाठी दर ३ वर्षांनी सततच्या शिक्षणाचे ३६ युनिट दाखवून नूतनीकरण करावे लागते. प्रत्यक्ष रुग्णावर उपचार करण्याची कायदेशीर मुभा मात्र राज्य देते. न्यूयॉर्कमध्ये एकदा मिळालेला परवाना रद्द होईपर्यंत आयुष्यभर राहतो, पण काम करण्यासाठी दर ३ वर्षांनी नोंदणी करावी लागते, आणि तिच्यासाठीही ३६ तासांचे सततचे शिक्षण लागते. हा नियम २०१३ पासून आहे. ‘परवाना आयुष्यभराचा’ हे वाक्य ऐकून निर्धास्त होणारे लोक नोंदणीचा भाग विसरतात. मीही जवळजवळ विसरलेच होते.

माझे एनबीसीओटीचे नूतनीकरण ३१ मार्चच्या मुदतीत व्यवस्थित झाले. दोन्हीकडे आकडा ३६ असल्यामुळे एक काम झाले म्हणजे दुसरेही जवळपास झालेच, असे मी धरून चालले. त्यात आम्ही आदल्या वर्षी घर बदलले होते आणि मी नवा पत्ता राज्याच्या कार्यालयाला कळवला नव्हता. पत्ता किंवा नाव बदलल्यास ३० दिवसांच्या आत कळवणे बंधनकारक आहे, त्यामुळे नूतनीकरणाची सूचना माझ्यापर्यंत न पोहोचण्यात चूक सर्वस्वी माझीच होती. एप्रिलच्या शेवटी विभागातील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी सहज विचारले, “तुमची नोंदणी कधी संपते?” मी भिंतीवरच्या नोंदणीपत्राकडे पाहिले. त्यावर ३१ मे ही तारीख होती.

त्या रात्री मी अभ्यासक्रमांची सारी प्रमाणपत्रे जेवणाच्या टेबलावर मांडली आणि तारखेप्रमाणे लावली. खरी अडचण तेव्हा कळली. एनबीसीओटीचा माझा ३ वर्षांचा काळ १ एप्रिलला सुरू झाला होता, तर राज्याच्या नोंदणीचा काळ १ जूनला. मधल्या दोन महिन्यांतील एप्रिलमध्ये मी एका परिषदेला गेले होते आणि तिथे ९ तास मिळवले होते. ते ९ तास एनबीसीओटीच्या हिशेबात नीट बसले होते, पण राज्याच्या हिशेबात ते आधीच्या काळातले ठरत होते. राज्यासाठी हाती २७ तास उरले. अभ्यासक्रम घेणाऱ्या संस्था राज्याने मान्य केलेल्या आहेत की नाहीत, तेही एकेक करून तपासले. सुदैवाने त्यातला कोणताच अभ्यासक्रम बाद झाला नाही.

नऊ तास भरून काढताना आणखी एक गोष्ट लक्षात आली, जी नव्या लोकांना आवर्जून सांगावीशी वाटते. काही प्रमाणपत्रांवर तास लिहिलेले असतात, तर काहींवर ‘सीईयू’, म्हणजे सततच्या शिक्षणाचे एकक, आणि १ सीईयू म्हणजे १० तास. हाताला आधार देणाऱ्या स्प्लिंटविषयीच्या एका अभ्यासक्रमावर ०.६ असे छापले होते. पहिल्या नजरेला ते तासाभराहून कमी वाटले, म्हणून मी तो बाजूलाच सारणार होते. वस्तुतः तो ६ तासांचा होता. तो मी दोन शनिवारी मनापासून पूर्ण केला, आणि उरलेले ३ तास पक्षाघातानंतरच्या दृष्टिदोषांवरील एका व्याख्यानमालेतून मिळाले. त्या व्याख्यानांत ऐकलेले पुढच्याच आठवड्यात एका आजोबांसाठी उपयोगी पडले, कारण त्यांना ताटाची डावी बाजू दिसतच नव्हती आणि घरचे लोक ते जेवायला कंटाळले आहेत असे समजत होते.

राज्याच्या अर्जात प्रमाणपत्रे जोडावी लागत नाहीत. अटी पूर्ण केल्याचे जबाबदारीने जाहीर करावे लागते आणि पुढे तपासणीत मागितली तर कागद दाखवावे लागतात. मला हेच अधिक गंभीर वाटते, कारण तिथे आपल्या शब्दावर विश्वास ठेवलेला असतो. त्यामुळे ३६वा तास पूर्ण होईपर्यंत मी तो अर्ज उघडलाच नाही, जरी मुदतीला आठवडाच उरला होता आणि नोंदणी चालू नसताना एक दिवसही रुग्ण पाहणे कायद्यात बसले नसते. पत्ता बदलला, अर्ज भरला, शुल्क भरले. एक प्रमाणपत्र माझ्या माहेरच्या आडनावाने निघालेले होते. तपासणीत अडायला नको म्हणून विवाह नोंदणीच्या दाखल्याची प्रत त्याच्या मागे लावून ठेवली.

आता माझ्याकडे दोन वह्या आहेत, एक एनबीसीओटीची आणि एक राज्याची, आणि प्रत्येकीच्या पहिल्या पानावर काळ कधी सुरू होतो व कधी संपतो ते मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. अभ्यासक्रम संपला की त्याच संध्याकाळी दोन्हींत नोंद करते. नवे नोंदणीपत्र आले तेव्हा जुने काढून त्याच खिळ्याला ते अडकवले.