बायनरी सर्च ट्री आणि हरवलेला ६०

बायनरी सर्च ट्री म्हणजे आकड्यांचं झाड: प्रत्येक नोडच्या, म्हणजे आकडा ठेवलेल्या गाठीच्या, डावीकडे त्याहून लहान आकडे आणि उजवीकडे मोठे. ते चढत्या क्रमाने छापायला रिकर्शनच्या, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणाऱ्या फंक्शनच्या, तीन ओळी पुरतात: आधी डावी बाजू, मग नोड स्वतः, मग उजवी बाजू. मला मात्र दोन झाडांमधून मिळून एकच क्रमवार यादी हवी होती. दोन्हींतला लहान आकडा उचलायचा आणि ज्या झाडातून तो उचलला, फक्त त्याच झाडाकडे पुढचा मागायचा. रिकर्शन एकदा सुटलं की शेवटपर्यंत धावतं. ‘थांब, मागेन तेव्हा पुढचा दे’ असं त्याला सांगता येईना.

दोन्ही झाडं आधी याद्यांमध्ये ओतून घेता आली असती. पण पहिले दहाच आकडे लागणार असतील तर लाखो नोड कशाला फिरायचे?

मग कागदावर सात नोडचं झाड काढलं. वर ५०, खाली ३० आणि ७०, त्यांच्या खाली २०, ४०, ६०, ८०. रिकर्शन २० वर असताना त्याच्या लक्षात काय असतं? ज्यांची डावी बाजू चालू आहे आणि स्वतःची पाळी अजून यायची आहे, ते ३० आणि ५०. बस, एवढंच! हे दोन नोड मी स्वतः जपले तर हवं तिथे थांबता येणार होतं.

म्हणून स्टॅक घेतला, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशी चळत. रूटपासून, म्हणजे सर्वांत वरच्या नोडपासून, डावीकडे उतरत ५०, ३०, २० त्यात टाकले. पुढचा आकडा मागितला की वरचा नोड काढायचा, आणि त्याला उजवं मूल (उजवीकडे खाली जोडलेला नोड) असेल तर ते स्टॅकवर ठेवायचं. चालवून पाहिलं: २०, ३०, ४०, ५०, ७०, ८०. साठ गायब!

याच्यावर माझा बराच वेळ गेला, कारण ४० बरोबर येत होता आणि तोही उजवं मूलच होता. फरक इतकाच की ४० ला डावं मूल नव्हतं, ७० ला होतं. नुसतं उजवं मूल ठेवून भागत नाही. तिथून पुन्हा डावीकडे टोकापर्यंत उतरावं लागतं. उतरण्याचा लूप वेगळ्या फंक्शनमध्ये काढला आणि सुरुवातीला व प्रत्येक उजव्या मुलापाशी तेच वापरलं. साठ जागेवर आला.

‘पुढचा’ मागताना कधी कधी आत लूप फिरतो, म्हणून हे संथ असेल अशी शंका होती. पण प्रत्येक नोड स्टॅकमध्ये एकदाच जातो आणि एकदाच निघतो. सात नोडना एकूण चौदा हालचाली, म्हणजे सरासरी खर्च स्थिरच. संतुलित झाडात दहा लाख नोड असले तरी स्टॅकमध्ये एका वेळी विसेकच राहतात.

१९७९ साली मॉरिस यांनी मांडलेली रीत स्टॅकशिवायही हेच करते, आणि ती मला फार सुंदर वाटते. पण ती फिरताना झाडातच तात्पुरते दुवे जोडते. मध्येच थांबलो तर झाड तसंच अर्धवट राहिलं असतं, आणि मला तर थांबायचंच होतं.

एक काळजी उरली होती. फेरी चालू असताना कुणी नोड काढून टाकला, तरी स्टॅकमध्ये तो तसाच पडून राहतो. जावा भाषेतला ट्रीमॅप, म्हणजे अशाच झाडावर बांधलेला तयार संग्रह, फेरीत असा बदल दिसला की एक्सेप्शन फेकतो, म्हणजे चूक दाखवून थांबतो. मीही झाडात बदलांची मोजणी ठेवली. इटरेटर, म्हणजे मागितला की पुढचा आकडा देणारा हा कोड, सुरू झाल्यानंतर ती वाढलेली दिसली, की तो पुढचा आकडा देत नाही.