खानदेशचा नकाशा कागदावर: कोणता लेअर कोणत्या प्रमाणाला दिसावा

ए१ कागदावर अख्खा खानदेश बसवायचा तर प्रमाण १:४,००,००० च्या आसपास येतं. नवापूर-अक्कलकुव्यापासून मुक्ताईनगरपर्यंतचा पट्टा कागदावर सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर भरतो, बाजूला समास आणि सूचीला जागा उरते. याच कागदाच्या कोपऱ्यांत दोन छोटे नकाशे घेतले आहेत: तोरणमाळ १:५०,००० ला आणि पांझरा नदीकाठचा एक तुकडा १:१०,००० ला. शिवाय तालुक्यांचे ए३ कागद १:१,००,००० ला वेगळे निघणार आहेत. हे सगळं क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरच्या एकाच प्रोजेक्टमधून. लेआउटमधली (छापायच्या पानावरची) प्रत्येक मॅप आयटम, म्हणजे नकाशाची चौकट, स्वतःच्या प्रमाणानुसार लेअर (गावं, पाणी, उंची अशा माहितीचे थर) दाखवते किंवा लपवते, त्यामुळे एकाच कागदावर तिन्ही नकाशे लेअरला दिलेल्या मर्यादा, म्हणजे कोणत्या प्रमाणापासून कोणत्या प्रमाणापर्यंत दिसायचं ते, पाळतात. एकाच लेअरच्या प्रती करून ठेवायची गरज नाही.

मर्यादा मात्र स्क्रीन बघून ठरवू नयेत, असं माझं ठाम मत झालं आहे. स्क्रीनवर १:५०,००० निवडलं आणि पट्टी लावली तर एक किलोमीटर २० मिलिमीटर भरायला हवा. माझ्या लॅपटॉपवर तो जेमतेम चौदा भरतो, कारण सॉफ्टवेअर ९६ डीपीआय (इंचाला ९६ ठिपके) धरतं आणि पडद्यावरचे ठिपके त्याहून दाट आहेत. म्हणजे पडद्यावर गिचमिड वाटणारी गावांची नावं कागदावर सुटसुटीत बसतात. उलटही होतं. झूम करून बघताना छान दिसणाऱ्या बारीक रेषा कागदावर एकमेकींत मिसळतात. म्हणून हल्ली मोठा कागद छापण्याआधी लेआउटमधून ए४ चे तुकडे काढतो: एक तोरणमाळचा, एक प्रकाशा गावाचा, एक चाळीसगाव-पाटणादेवीचा. पट्टी आणि भिंग घेऊन बसलं की प्रश्न तिथेच सुटतात. तुकडा छापताना 'फिट टू पेज' बंद ठेवा. मोठे कागद छापणाऱ्या दुकानातही शंभर टक्क्यांवरच काढायला सांगा, आणि कागद हातात आल्यावर प्रमाण तपासायला यूटीएमची जाळी (नकाशावर ठरावीक अंतरावर आखलेल्या चौकटी) मोजा.

आता मर्यादेच्या आकड्यांबद्दल. क्यूजीआयएसमध्ये 'मिनिमम' म्हणजे मोठा छेद, लांबून पाहिलेला नकाशा. ही मर्यादा स्वतःला धरत नाही. 'मॅक्सिमम' मात्र स्वतःला धरते. लेअरला मिनिमम १:१,००,००० दिलं आणि नकाशाही बरोबर १:१,००,००० ला छापला, तर तो लेअर येणारच नाही. त्यात लेआउटमधला नकाशा हाताने ओढून मोठा-लहान केला असेल, तर प्रमाण एक लाखाच्या किंचित अलीकडे-पलीकडे सरकतं आणि लेअर कधी दिसतो, कधी नाही. यावर सोपा उपाय आहे. छापायची प्रमाणं आधी ठरवा आणि मर्यादा त्यांच्या मधोमध कुठेतरी ठेवा. माझी प्रमाणं १०,०००, ५०,०००, १,००,००० आणि ४,००,००० आहेत, म्हणून मर्यादा २०,०००, ७५,००० आणि २,००,००० वर आहेत. लेबलांची मर्यादा वेगळी असते, हे विसरू नका. गावाचा ठिपका आणि गावाचं नाव एकाच वेळी दिसलं पाहिजे असं नाही.

सगळ्यात जास्त वेळ समोच्च रेषांनी (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांनी) घेतला, आणि खानदेशात तो घेतलाच पाहिजे. एकाच कागदावर तापीचं काळ्या मातीचं सपाट खोरं आहे आणि त्याला लागून सातपुड्याची भिंत. हिशोब करून बघा. पंचेचाळीस अंशांच्या उतारावर २० मीटर अंतराच्या दोन रेषा जमिनीवरही २० मीटरवर येतात. १:५०,००० ला कागदावर ते ०.४ मिलिमीटर होतं. रेषा ०.१ मिलिमीटरची असेल तर सीताखाईची कडा सुरेख उमटते. तेच १:४,००,००० ला ०.०५ मिलिमीटर होतं, म्हणजे अंतर रेषेच्या जाडीपेक्षा कमी. तिथे तपकिरी डाग पडणार. पण २० मीटरचा लेअर सरळ बंद केला आणि दर २०० मीटरच्या रेषा ठेवल्या, तर सातपुडा शोभतो आणि खाली अमळनेर-चोपड्याकडचं सगळं खोरं कोरं राहतं. नुसत्या प्रमाणाने हे सुटत नाही. रूल-बेस्ड, म्हणजे नियम लिहून लेअर रेखाटायच्या, पद्धतीत प्रत्येक नियमाला प्रमाणाची मर्यादाही देता येते आणि अटही. मी चार लाखांच्या नकाशासाठी दोन नियम ठेवले: उंची ३०० मीटरपर्यंत असेल तर दर ५० मीटरला रेषा, त्यावर दर २०० मीटरला. तुकडा छापून पाहिला तेव्हा पहिल्यांदा खोरं आणि डोंगर दोन्ही वाचता आले. सूचीत ही दोन अंतरं लिहिणं मात्र आवश्यक आहे, नाहीतर वाचणारा उतार चुकीचा समजेल.

तलाव-धरणांसाठी मर्यादेचा आकडा देणंच सोडून दिलं. क्षेत्रफळाचं वर्गमूळ मीटरमध्ये काढायचं, हजाराने गुणायचं आणि मॅप-स्केल या व्हेरिएबलने (त्या नकाशाच्या प्रमाणाच्या छेदाने) भागायचं. आलेलं उत्तर कागदावरचे मिलिमीटर असतं. ते एकापेक्षा कमी असेल तर दाखवू नकोस, एवढा एकच नियम. चार लाखांवर सोळा हेक्टरच्या आतली पाणथळं आपोआप गळतात आणि हतनूर सगळीकडे राहतं. पन्नास हजारांवर पाव हेक्टरचं गावतळंसुद्धा येतं. जंगलांचे तुकडे, गावठाणं, सगळ्यांना मी हाच नियम लावतो आहे.

नावांचंही तसंच. चार लाखांवर पंचवीस तालुक्यांची ठिकाणं आणि प्रकाशा, तोरणमाळ, चांगदेव अशी मोजकीच. एक लाखावर सगळी गावं, पण 'बुद्रुक'चं 'बु.' आणि 'खुर्द'चं 'खु.' करणारी अट लेबलात घातली आहे. पन्नास हजारांच्या आत पूर्ण नाव. धडगावकडचे पाडे विखुरलेले आहेत आणि एकेक पाडा दूर आहे, तेव्हा तिथे पाड्यांची नावं एक लाखालाही खुशाल बसतात. सपाटीवरच्या वाड्या-वस्त्यांना ती मुभा नाही.

तालुक्यांच्या अ‍ॅटलासमध्ये (दर तालुक्याचा कागद आपोआप काढणाऱ्या सोयीत) प्रमाण पक्कं ठेवा. 'बेस्ट फिट' दिलं तर साक्रीसारखा मोठा तालुका ए३ वर मावत नाही म्हणून प्रमाण पुढच्या ठरीव आकड्यावर उडी मारतं. २,००,००० ची मर्यादा ओलांडली गेली की गावांची नावं गायब. साक्री एकाहून जास्त कागदांवर घेणार आहे.

प्रोजेक्शन, म्हणजे गोल पृथ्वी सपाट कागदावर आणायची पद्धत, यूटीएम ४३ उत्तर. तिचं मध्य रेखावृत्त ७५ अंश पूर्व, अमळनेरजवळूनच जातं, म्हणून आपल्या भागाला ती अगदी सोयीची. वेब मर्केटरमध्ये (इंटरनेटवरच्या नकाशांच्या प्रोजेक्शनमध्ये) ठेवलंत तर आपल्या अक्षांशाला अंतरं सात टक्क्यांनी फुगतात आणि सगळ्या मर्यादाही तेवढ्याच घसरतात.

राहिलं आहे ते पांझरेवरच्या फड बागायतीचं (बंधारे आणि पाटांवर चालणाऱ्या सामुदायिक सिंचनाचं) काम. बंधारे टाकून झाले. पाट आणि चाऱ्या १:२०,००० च्या आतच दिसतील अशी मर्यादा आहे. दोन मीटर रुंदीचा पाट १:१०,००० ला ०.२ मिलिमीटरची रेषा होतो, छापायला अगदी योग्य. अडचण माहितीची आहे: उपग्रहचित्रात झाडीखाली पाट हरवतात. कुणी जीपीएस घेऊन ते पाट चाललं असेल, तर तो माग मला हवा आहे.