मगर कुणाची?

गॅलरीतल्या रिकाम्या कुंडीत पारव्यांनी घरटं केलंय. घरटं म्हणणं जरा जास्तच झालं. सात-आठ काटक्या, वायरचा एक तुकडा आणि माझा हरवलेला केसांचा चाप, एवढ्या भांडवलावर दोन पांढरी अंडी घालून मंडळी मोकळी झाली. कुंडी उचलून बाजूला ठेवावी म्हणून दुपारी झाडू घेऊन गेले, तर अंड्यांवर बसलेला पक्षी जागचा हललाच नाही. उलट एक पंख उचलून त्याने मलाच फटका मारला. पारव्याच्या हातचा मार खाण्याची ही माझी पहिलीच वेळ. मी मुकाट्याने झाडू खाली ठेवला आणि उंबऱ्यात बसून त्याच्याकडे बघत राहिले.

'त्याच्याकडे' असं मुद्दाम म्हणतेय. पारव्यांमध्ये अंडी उबवायच्या पाळ्या असतात आणि दिवसाची पाळी बहुतेक करून नराकडे असते. भर दुपारी आपण जिला बघून 'बिचारी कशी बसलीय उन्हातान्हात' म्हणतो, तो बाप असतो.

पारव्याचा पाय कधी जवळून बघितलाय? वरचं सगळं कसं मऊ, राखाडी, मानेवर हिरवा-जांभळा रंग, आणि खाली मात्र दुसऱ्याच कुठल्यातरी प्राण्याचे पाय आणून जोडल्यासारखे. लालसर, पुढून आडव्या खवल्यांच्या पट्ट्या एकीखाली एक बसवलेल्या, तीन बोटं पुढे, एक मागे, टोकाला वाकडी नखं. तो जरा उठला, बोटं आवळून अलगद पाऊल टाकलं, चोचीने एक अंडं आत ओढलं आणि पुन्हा पसरून बसला. तेवढ्यात त्याच्या डोळ्यावरून एक पातळसा पडदा आडवा सरकला आणि नाहीसा झाला. हा आडवा पडदा मगरीलाही असतो. मगर म्हटलं की मला दादा आठवतो.

आमच्याकडे पत्र्याच्या एका डब्यात प्लास्टिकचे प्राणी होते. डबा दोघांत एक. त्यामुळे रोज दुपारी वाटणी व्हायची आणि वाटणीचा कायदा दादाचा असायचा. 'दात असलेले माझे, पिसं असलेली तुझी. उरलेले नंतर बघू.' उरलेले म्हणजे गाय, घोडा आणि एक कान तुटलेला हत्ती. त्यांना कधी कुणी बघितलं नाही. दादाकडे जबडा वासलेला टी-रेक्स, लांब मानेचा एक थोरला ('दात आत आहेत त्याचे'), पाठीवर होडीसारखं शीड असलेला एक हिरवा, सरडा आणि मगर. माझ्या वाट्याला बदक, पोपट, कोंबडी आणि एका पायावर लंगडणारं शहामृग. एक उडता प्राणी होता, त्याला पंखही होते आणि दातही. त्याच्यावरून इतक्या मारामाऱ्या झाल्या, की शेवटी आईने तो कपाटावर टाकला.

आता कळतं, की कायदा करणाऱ्याला कायद्यातलं काही कळत नव्हतं. तो उडता प्राणी, टेरोसॉर, ना पक्षी ना डायनासोर. डायनासोरांचा चुलत म्हणता येईल. त्याचा पंख म्हणजे हाताच्या लांबलचक चौथ्या बोटापासून अंगापर्यंत ताणलेली कातडी. पिसांच्या कायद्यात तो बसतच नव्हता. शीडवाल्याची तर आणखीच गंमत. त्याचं नाव डायमेट्रोडॉन. डायनासोरांच्या प्रत्येक डब्यात तो असतोच, पण डायनासोर तो नव्हे. पहिला डायनासोर जन्माला यायच्या चारेक कोटी वर्षं आधीच त्याचा कारभार आटोपला होता. नात्याने तो सस्तन प्राण्यांच्या बाजूचा. त्या डब्यात त्याचं कुणाशी जवळचं नातं असेल तर ते गाय, घोडा आणि कानतुट्या हत्तीशी. आणि डबा ओढत बसलेल्या आम्हा भावंडांशी.

पण मला सांगायचंय ते मगरीचं.

एके दिवशी दादाची मगर हरवली. घरभर शोधाशोध झाली. मी आदल्या दिवशी 'मला एकदा तरी दे ना' म्हटलं होतं, एवढ्या पुराव्यावर गुन्हा सिद्ध झाला आणि मला 'मगरचोर' ही पदवी मिळाली. मी खूप रडले, शपथा घेतल्या, दप्तर उलटं करून दाखवलं. पुढे कितीतरी महिन्यांनी दादाचे गमबूट कपाटातून बाहेर निघाले. पायाला काहीतरी टोचतंय म्हणून त्याने एक बूट झटकला, तर आतून मगर पडली. दादा म्हणाला, 'अच्छा, इथे होती होय.' बस्स. नाव मात्र तसंच राहिलं. आजही फोन उचलला की पलीकडून पहिला शब्द 'काय मगरचोर' असाच येतो.

या बाबतीत माझी ज्याच्याशी नाळ जुळते असा एक डायनासोर आहे. १९२३ साली मंगोलियाच्या गोबी वाळवंटात एका अमेरिकन मोहिमेला अंड्यांचं घरटं सापडलं आणि त्या अंड्यांवरच एका बिनदाताच्या, चोचीच्या डायनासोरचा सांगाडा. त्या भागात शिंगवाल्यांच्या कुळातले प्रोटोसेराटॉप्स चिक्कार सापडत होते, तेव्हा अंडी त्यांचीच, हे सगळ्यांनी धरून टाकलं. मग हा इथे काय करत होता? चोरी! १९२४ मध्ये ऑसबर्न नावाच्या शास्त्रज्ञाने त्याचं नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर, म्हणजे अंडीचोर. हे नाव त्याच्या स्वभावावर अन्याय करणारं ठरू शकतं, असं ऑसबर्नने तेव्हाच लिहून ठेवलं होतं. म्हणजे शंका होती, पण नाव ठेवायचं ते ठेवलंच. पुढे सत्तर वर्षांनी, १९९३ मध्ये, त्याच वाळवंटात तशाच एका अंड्यात भ्रूण मिळाला, आणि तो निघाला ओव्हिरॅप्टरच्याच कुळातला. शिवाय त्या कुळातला एक जण घरट्यावर बसलेल्या अवस्थेतच मिळाला. पाय दुमडलेले, दोन्ही हात अंड्यांभोवती पसरलेले, थेट कुंडीतल्या आमच्या पारव्यासारखा. म्हणजे बिचारा १९२३चा तो चोर बहुधा स्वतःचीच अंडी सांभाळत मेला होता. पण शास्त्रात एकदा रीतसर दिलेलं नाव अर्थाने चुकलं म्हणून बदलत नाहीत. अंडीचोर तो अंडीचोरच.

त्याच्यावर आणखी एक अन्याय झाला, त्याची वाच्यता फार होत नाही. पक्ष्यांच्या छातीत वरच्या बाजूला चिमट्यासारखं एक हाड असतं, गळ्याखालची दोन हाडं जुळून झालेलं. १९२६ मध्ये हाइलमान नावाच्या डॅनिश माणसाने पक्ष्यांच्या उगमावर मोठा ग्रंथ लिहिला. डायनासोर आणि पक्षी यांच्यातली साम्यं त्याला ढीगभर दिसत होती. पण डायनासोरांना ती गळ्याखालची हाडंच नाहीत आणि एकदा गेलेला अवयव उत्क्रांतीत परत येत नाही, असं म्हणून त्याने ते नातं तोडलं. लोकांनी ते पुढची चाळीस वर्षं मानलं. आणि ते हाड होतं कुठे? त्याच्या ग्रंथाच्याही दोन वर्षं आधी छापून आलेल्या ओव्हिरॅप्टरच्या वर्णनात, चित्रासकट! फक्त त्याला दुसरंच काहीतरी हाड समजून वेगळं नाव दिलं होतं. निर्दोष असल्याचा पुरावा खिशात आणि कुणी झडतीच घेईना, म्हणजे दादाच्या गमबुटातल्या मगरीसारखंच.

खरं तर त्याही आधी, १८६१ मध्येच, जर्मनीतल्या सोलनहोफेनच्या चुनखडीत आर्किओप्टेरिक्स मिळाला होता. अंगावर पिसं, तोंडात दात, पंखाला नखं आणि मागे लांब हाडांची शेपूट. दादाच्या कायद्याने त्याचे मधोमध दोन तुकडे करावे लागले असते. पुढे काही वर्षांतच हक्सली या इंग्रज शास्त्रज्ञाने पक्षी आणि डायनासोर यांची सोयरीक सांगायला सुरुवात केली होती. मग मध्येच तो हाइलमान. मग १९६९ मध्ये ऑस्ट्रम या शास्त्रज्ञाने अमेरिकेतल्या मोंटानात मिळालेल्या डायनॉनिकस या डायनासोरचं वर्णन करून जुना वाद पुन्हा उकरला. १९९६ मध्ये चीनच्या लियाओनिंगमधून पिसांसारखी लव असलेला सायनोसॉरॉप्टेरिक्स हा डायनासोर निघाला आणि बहुतेकांनी हात टेकले. त्याची शेपटी तांबूस आणि पांढऱ्या पट्ट्यांची होती, हेसुद्धा आता कळलंय. इतक्या जुन्या प्राण्याच्या शेपटीचा रंग माहीत असावा याचं मला राहून राहून नवल वाटतं.

नावांचा घोळ तर विचारूच नका. १८८७ मध्ये सीली नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने डायनासोरांचे कमरेच्या हाडांवरून दोन गट पाडले. एक सरड्यासारख्या कमरेचे, दुसरे पक्ष्यासारख्या कमरेचे. आता पक्षी कुणापासून आले असतील? सरड्यासारख्या कमरेवाल्यांपासून! पक्ष्यासारख्या कमरेचे सगळे निपुत्रिक गेले. २०१७ मध्ये काही जणांनी ही विभागणीच मोडून नवी मांडणी सुचवली, त्यावरून अजून भांडणं चालू आहेत. भांडू देत.

तर, मगर. शाळेत आपल्याला पाच खण शिकवले होते: मासे, उभयचर, सरपटणारे, पक्षी, सस्तन. मगर तिसऱ्या खणात, सरड्याशेजारी. दिसते तशीच, सरपटतेही. पण दिसण्यावर नातं ठरत नाही. शेजारचा मुलगा हुबेहूब माझ्यासारखा दिसला तरी शेजारचाच, आणि मावसभावाच्या नाकाचा माझ्या नाकाशी काडीचा संबंध नसला तरी आमची आजी एकच. नातं मोजायचं ते मागे जाऊन, कुणाची आजी कितव्या पिढीत एक होते ते बघून. तसं मोजलं तर मगर आणि पक्षी यांची आजी साधारण २५ कोटी वर्षांपूर्वीची. सरड्याची वाट तिच्याही फार आधी फुटली. आज जिवंत असलेल्यांत पक्ष्यांना सगळ्यात जवळचं कोण, तर मगरी-सुसरी. बाकीचे मधले सगळे गेले. त्यांत डायनासोरही, पक्षी सोडून. एका बाजूला पक्ष्यांच्या ११ हजारांच्या आसपास जाती, दुसऱ्या बाजूला मगरींच्या जेमतेम पंचवीसेक. मध्ये सगळी ओसाडी.

पण खुणा राहिल्यात. सरड्याच्या हृदयात तीन कप्पे, मगरीच्या चार, पारव्याच्याही चार. आणि मगरीचं आईपण बघाल तर थक्क व्हाल. ती घरट्याची राखण करते. पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात. तो ऐकून ती घरटं उकरते आणि ज्या जबड्याच्या गोष्टी सांगून आपण पोरांना घाबरवतो, त्या जबड्यात पिल्लं अलगद धरून पाण्यावर नेते. सरडा बहुतेक वेळा अंडी पुरतो आणि चालता होतो.

दिसण्याने फसायचंच असेल तर एफिजिया या जुन्या, नामशेष प्राण्यासारखा मासला मिळायचा नाही. दोन पायांवर उभा, हात छोटेसे, तोंडात दातांऐवजी चोच, थेट शहामृगासारख्या डायनासोरचा अवतार. पण घोट्याची हाडं बघितली तर मगरीच्या घराण्यातला! न्यू मेक्सिकोतून १९४०च्या दशकात आणलेल्या दगडांत तो होता आणि ते प्लास्टरचे गठ्ठे संग्रहालयात तसेच न उघडता पडून राहिले. २००६ मध्ये त्याला नाव मिळालं. जवळजवळ साठ वर्षं तो गमबुटात होता म्हणायचा.

एवढं सगळं डोक्यात फिरल्यावर राहवेना. दादाला फोन लावला.

'काय मगरचोर?'

'मगर माझीच होती,' मी म्हटलं. 'पिसांच्या घराण्यातली आहे ती. मी चोरली असती तरी ती चोरी झाली नसती.'

दादाला हे सगळं समजावून सांगायला वेळ लागला. तो हिशेबाचा माणूस, मध्येच थांबून म्हणाला, 'मग टी-रेक्सपण तुझाच?'

'हो. त्याच्या नात्यातला नऊ मीटरचा एक पिसंवाला सापडलाय.'

'आणि लांब मानेचा?'

'तोपण.'

'मग मला काय राहिलं गं?'

'सरडा.'

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाला, 'आणि तो शीडवाला?'

'तो आपल्या दोघांचा.'

'बरं,' म्हणाला. 'पण तुला एक सांगू का, मगर त्या बुटात मीच लपवली होती. तू मागशील म्हणून. आणि मग विसरलो.'

मला काही बोलायला सुचेना. इतकी वर्षं! मी फोन ठेवला आणि पुन्हा गॅलरीत आले. ऊन उतरलं होतं. दुसरा पारवा कठड्यावर येऊन बसला, मान फुगवून दोनदा घुमला. कुंडीतला उठला, उडाला, आणि हा त्याच काटक्यांवर, त्याच अंड्यांवर तस्साच बसला. बाप गेला आणि आई आली, की मीच उलटं समजत होते? दोघं इतके सारखे, की काही केल्या मला ओळखता येईना.