मुठीचं लाकूड

आजची सकाळ नेमबाजीच्या रेंजवर गेली. लेकीसाठी १० मीटर एअर पिस्तूल घ्यायचंय, म्हणून मोरिनी आणि स्टायर या दोन्ही कंपन्यांची पिस्तुलं तिच्या हातात देऊन पाहिली. मोरिनीचा इलेक्ट्रॉनिक ट्रिगर तिला फार आवडला. नियमाने ट्रिगर ओढायला किमान ५०० ग्रॅमचा जोर लागतो, तो प्रश्न नव्हताच, अडलं पिस्तुलाच्या मुठीवर. तिचा पंजा लहान, करंगळीखाली फट राहते. सरांनी क्लबच्या जुन्या लाकडी मुठीला लांबी (लाकडात भरायचा लगदा) भरली, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासत बसले. किती जीव लावून! मग तिने हात उचलला, मनगट हललं नाही. दहा गुणांच्या ११.५ मिलिमीटर वर्तुळात सलग तीन छर्रे. २०२४ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्य जिंकलं, तेव्हापासून हिचा हट्ट. पैसे जमायला दिवाळी उजाडेल. तोवर हीच मूठ.