नदीकाठी प्लॉट घेताना आधी पुराची खूण मोजा

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणी-चिकोडीच्या नदीपट्ट्यात जुनी घरं पांढरीवर म्हणजे उंच गावठाणात, ऊस काळ्या रानात आणि अगदी काठची मळी वैरणीला, अशी विभागणी होती. पुढं गावठाण भरलं, भाऊवाटण्या झाल्या आणि घरं उताराला सरकली. जागा स्वस्त मिळते ती तिथंच.

कृष्णा तुडुंब असली की दूधगंगेचं पाणी तिच्यात ओसरत नाही, मागं फुगतं. त्यामुळं गावात ऊन पडलेलं असतानाही पाणी चढतं. म्हणून कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्याचा विसर्ग आणि दूधगंगेचा विसर्ग यांची बेरीज बघावी. कल्लोळजवळ दोन्ही नद्या मिळतात, तिथं कृष्णेला तेवढं पाणी येतं. शिवाय भोज-कारदगा, जत्राट-भिवशी, मलिकवाड-दत्तवाड हे वाहतुकीचे बंधारे घरांच्या आधी बुडतात. घर कोरडं, पण वाट बंद, अशी गत होते.

प्लॉट ठरवायच्या आधी २०१९च्या पुराची खूण शोधा. देवळाच्या किंवा शाळेच्या भिंतीवर ती सापडते. दोन-तीन घरांत विचारून खात्री करा. मग गवंड्याची पातळी मोजायची २० मीटरची पारदर्शक नळी घ्या. पाणी भरताना बुडबुडा राहू देऊ नका, माप तिथंच चुकतं. दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतंय का बघा. मग एक टोक खुणेवर, दुसरं विजेच्या खांबावर. तिथं खडूनं रेघ मारा आणि तिथून नळी पोचेल तो पुढचा खांब किंवा भिंत. प्लॉटपर्यंत पोचलात की उलटं मोजत परत या. इंचापेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा मोजा. जोत्याची पातळी त्या रेघेच्या किमान दोन फूट वर हवी, यात तडजोड नको.

भराव लागणार असेल तर मुरूमच घाला, सहा-आठ इंचांचे थर देत, पाणी मारून, धुम्मस करून. काळ्या मातीचा भराव पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो आणि भिंती तडकतात. ओढ्याच्या तोंडावर तर भराव घालूच नये. पाणी जायला मोरी ठेवली तरी ती उसाच्या पाचटानं तुंबते आणि पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरतं. हे फार घडतंय, आणि ते थांबवायला कुणी पुढं येत नाही.

गोठाही घराइतकाच उंच बांधा. पूर आला की माणसं जनावरांसाठीच मागं राहतात, आणि होडी पोचेपर्यंत अंधार पडतो. वैरणीची गंज खालच्या शेतात असेल तर पावसाळ्यापूर्वी वर आणा.