आईंच्या जागी केलेली वारी

खरं सांगायचं तर मी वारीला काही शोधायला वगैरे गेले नव्हते. सासूबाईंची वारी चुकू नये म्हणून गेले, आई म्हणते मी त्यांना. त्या गेली 22 वर्षं माऊलींच्या पालखीबरोबर आळंदी ते पंढरपूर चालतात, रथामागच्या एका दिंडीत, आणि ह्या वर्षी मार्चमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. ज्येष्ठापर्यंत पाय मोकळा होईल अशी फार आशा होती त्यांना, पण गुडघा काही नीट वाकेना. मग एक दिवस देवापुढे खुर्चीवर बसून म्हणाल्या, "माझ्या जागी तू जा, वारी खंडायला नको." मी लगेच हो म्हणाले. मलाही घरातून निघायचंच होतं.

का ते सांगते. मी फिजिओथेरपिस्ट. म्हणजे होते, असंच सांगायचे मी सगळ्यांना. लेक झाला तेव्हा सहा महिन्यांची सुट्टी म्हणून काम सोडलं आणि त्याची 9 वर्षं झाली. परत सुरू करायचं असं दर दिवाळीला ठरायचं, मग त्याची शाळा, मग लॉकडाऊन, मग आता कोण घेणार आपल्याला, नवीन मुलं किती पुढे गेली असतील, हे सगळं डोक्यात फिरत राहायचं. कोण म्हणे बीएड कर, कोण म्हणे घरून काहीतरी ऑनलाइन कर, मी सगळ्यांचं ऐकायचे आणि काहीच करायचे नाही. ह्या काळातली सगळ्यात जास्त बोचणारी गोष्ट म्हणजे आईंच्या ऑपरेशननंतर घरी व्यायाम करून घ्यायला एक फिजिओ यायचा, चांगला मुलगा होता, आणि मी त्याला चहा करून द्यायचे. तो गुडघा वाकवताना मी किचनच्या दारातून बघायचे की ह्याने इथे अजून जरा थांबायला हवं होतं, आणि काही न बोलता कप उचलून आत जायचे. तीन महिने.

तर अशा अवस्थेत मी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीत प्रस्थानाच्या गर्दीत उभी होते, आईंची छोटी कापडी पिशवी आणि त्यांचे टाळ घेऊन.

पहिले दोन दिवस फक्त अंग दुखलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. पुण्यात दोन मुक्काम झाले आणि मग सासवडचा टप्पा. ज्यांनी केलाय त्यांना माहितीये, 30-32 किलोमीटर, अख्ख्या वाटेवरचा सगळ्यात मोठा, आणि बहुतेक वर्षी त्या दिवशी एकादशी येते म्हणजे पोटात साबुदाणा आणि केळी. दिवे घाटात माऊलींच्या रथाला जादा बैलजोड्या जोडतात आणि माणसं मात्र आहेत त्याच पायांवर चढतात. माझ्या पुढे सत्तरीच्या एक आजी डोक्यावर तुळस घेऊन चढत होत्या, एकदाही मान हलली नाही त्यांची. घाट संपताना मी मागे वळून बघितलं तर खालपर्यंत नुसत्या पांढऱ्या टोप्या, भगव्या पताका आणि "ज्ञानोबा माऊली तुकाराम". तेव्हा रडू आलं. का आलं ते अजूनही नीट सांगता येणार नाही.

सासवडच्या मुक्कामी राहुटीत एक मावशी रात्री कण्हत होत्या, सांगलीकडच्या. पोटरीत गोळा आला होता. शेजारची बाई तेल लावून जोरजोरात रगडत होती आणि मावशी ओरडत होत्या. मी उठले, काही विचार केला नाही, त्यांचा पाय सरळ केला, टाच माझ्या तळहातात धरली आणि पायाची बोटं हळूहळू त्यांच्याकडे ढकलत धरून ठेवली. अर्धा मिनिट. गोळा उतरला. "आगं बया, काय केलंस गं?" मी म्हटलं काही नाही मावशी, ताण दिला नुसता, आता मीठ-साखर घालून पाणी प्या. आणि झोपायला गेले तर झोपच येईना. कारण माझ्या हातांनी मला विचारलंच नव्हतं, येतंय का अजून तुला म्हणून.

पुढे जेजुरीत संध्याकाळी माझ्यापुढे पाच जणी पाय पसरून बसल्या होत्या, वाल्ह्याला त्याहून जास्त. वारीत पायाचे फोड म्हणजे रोजचंच, आणि त्यावर जुना उपाय असा की सुईत दोरा ओवून फोडातून आरपार काढायचा आणि दोरा तसाच ठेवायचा म्हणजे पाणी झिरपून जातं. मी शिकले ते असं की फोड शक्यतो फोडू नये. पण उद्या परत 20 किलोमीटर चालायचंय त्या बाईला हे काय सांगणार. मग मी सुई स्पिरिटने पुसायला लावायचे, आत दोरा ठेवू द्यायचे नाही आणि वरून स्वच्छ पट्टी. ऐकायच्या बिचाऱ्या. नीरा नदीवर पादुकांना स्नान घातलं तेव्हा सगळ्या जणी पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या आणि मी घाटावरून नुसते पाय बघत होते, कुणाचा कमानीत बसलेला, कुणाचा अंगठा आत वळलेला, नऊ वर्षांत मी माणसांचे पाय असे बघितलेच नव्हते.

वारीत एक गोष्ट फार वेगळी असते, तुम्हाला काही ठरवावंच लागत नाही. पहाटे साडेतीनला टँकरचं थंड पाणी, काकडा, मग चाल, मग विसावा, परत चाल, जेवण, चाल, मुक्काम, हरिपाठ. आपला ट्रक पुढे जाऊन राहुट्या ठोकून तयार असतो. आज कुठे थांबायचं हे तुमच्या आमच्या जन्माच्या आधीच ठरलंय, आजच्या पालखी सोहळ्याची ही शिस्त माऊलींचे भक्त हैबतबाबांनी 19व्या शतकात घालून दिली असं सांगतात, आणि तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराजांनी तर 1685 मध्येच पालखी सुरू केली होती. ठरवण्याचं सगळं ओझं असं काढून घेतलं ना की डोक्यातला आवाज हळूहळू बसतो, आणि मग जो उरतो तो नीट ऐकू यायला लागतो.

हे मला नीट कळलं फलटणला. तिथे विमानतळाच्या मैदानावर तळ असतो. संध्याकाळी समाजआरती, सगळ्या दिंड्या गोल उभ्या, हजारो टाळ एकदम वाजतायत, कानात दुसरं काही शिरत नाही, आणि चोपदारांनी हातातला दंड, म्हणजे चोप, वर केला की क्षणात शांत. ती शांतता अनुभवायलाच हवी, एवढ्या मैदानात फक्त पताकांची फडफड. पण त्या दिवशी एका कोपऱ्यात टाळ वाजतच राहिले. मला वाटलं ह्यांना दिसलं नाही की काय. मावशी म्हणाल्या, "न्हाई गं, त्यांची तक्रार आसंल. ज्येची तक्रार त्येनं टाळ वाजवत ऱ्हायाचं, चोपदार इऊन ऐकूस्तवर." आणि खरंच, चोपदार चालत त्या दिंडीपर्यंत गेले, ऐकून घेतलं, आणि मग ते टाळ थांबले. मग हरवलं-सापडलं पुकारलं, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं, आरती झाली.

मी त्या रात्री बराच वेळ राहुटीच्या बाहेर बसले होते. बाकी सगळं गप्प झाल्यावर माझ्यात काय वाजतंय हे मला आता स्पष्ट ऐकू येत होतं, आणि गंमत म्हणजे त्यात बीएड नव्हतं, ऑनलाइन नव्हतं, आता वय झालं हे पण नव्हतं. एकच टाळ होता, नऊ वर्षं वाजणारा, आणि मी एकदाही त्याच्यापर्यंत चालत गेले नव्हते.

पण ऐकू आलं म्हणजे लगेच धीर आला असं झालं नाही. धीर आला नातेपुत्यात.

आमच्या दिंडीत एक काका होते, साठीचे, पाणी फार कमी प्यायचे कारण वाटेत सारखं कुठे जायचं. ते म्हणाले पोरी माझी पण पोटरी दाबून दे, तीन दिवस झाले दुखतेय. मी हात पुढे केला आणि थांबले. एकच पाय सुजलेला, डावा. कातडी ताणून चकाकत होती, हाताची पाठ टेकवली तर दुसऱ्या पायापेक्षा गरम. पोटरी दुखते म्हणून सगळे दाबतात पण अशी पोटरी दाबायची नसते, आत शिरेत रक्ताची गाठ असेल तर ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. मी म्हटलं काका, मी हात लावणार नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू पण द्यायचा नाही, आपण आत्ता डॉक्टरांकडे जाऊ. ते चिडले, बाकीच्यांच्या तासभर पायाला बसतेस आणि मलाच नाही म्हणतेस. दिंडीप्रमुखांना मध्ये घातलं तेव्हा कुठे उठले.

वाटेवर सरकारी आरोग्य पथकं असतात, ॲम्ब्युलन्स असते. तिथल्या डॉक्टर बाई, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असतील, दिवसभर उभ्या राहून थकलेल्या. मी सांगितलं, डावी पोटरी, तीन दिवस, एकाच बाजूला सूज, गरम, मालिश करू दिलेलं नाही. त्यांनी मान वर करून विचारलं, "तुम्ही कोण?"

मी म्हटलं, "फिजिओथेरपिस्ट आहे."

"आहे" म्हटलं मी. "होते" आलंच नाही तोंडात. त्यांनी नुसतं "बरं झालं आणलंत" म्हणून चिठ्ठी लिहायला घेतली, त्यांच्या दृष्टीने त्यात काहीच विशेष नव्हतं, आणि मी त्या तंबूच्या खांबाला धरून उभी राहिले कारण माझे पाय लटपटत होते. काकांना तपासणीला हॉस्पिटलला पाठवलं. दोन दिवसांनी त्यांच्या मुलाचा दिंडीप्रमुखांना फोन आला, गाठ निघाली, औषध सुरू झालंय, वडील ठीक आहेत.

त्यानंतरचं रिंगण, घोड्याच्या टापांखालची माती कपाळाला, वेळापूरच्या अलीकडचा तो उतार जिथे तुकोबांना कळस दिसला म्हणून सगळे धावतात, तिथे मी पण धावले, जोरात, शाळेनंतर पहिल्यांदा. पंढरपुरात दर्शनाची रांग झेपणारी नव्हती म्हणून चंद्रभागेत स्नान केलं आणि कळसाला हात जोडले. काही मागितलं नाही, आईंचा नमस्कार सांगितला तेवढा.

घरी आले तर आई दारातच काठी धरून उभ्या. मी पाया पडले, बुक्का लावला, चुरमुऱ्याचा प्रसाद दिला. सगळं विचारून झालं त्यांचं, तळ कुठे होता, पाऊस लागला का, ती सांगलीची भेटली का. मग मी माळ्यावरची एक पेटी काढली. सगळ्यात खाली माझा जुना गोनिओमीटर होता, सांधा किती अंशात वाकतो ते मोजायचा, पिवळा पडलेला पण आकडे दिसत होते. आईंना पलंगावर झोपवलं, गुडघा वाकवला आणि मोजला. 88. तीन महिन्यांनी निदान 110 तरी हवा होता.

आई म्हणाल्या, "तुला येतं तर इतके दिवस का नाही सांगितलंस?"

मला उत्तर देता आलं नाही. फिजिओथेरपी कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचा फॉर्म मी त्याच आठवड्यात भरला, जवळच्या एका क्लिनिकमध्ये सकाळचे तीन तास बोलून ठेवलेत, पगार फार नाहीये. पण त्याआधी रोज पहाटे साडेपाचला आई आणि मी. त्या ओरडतात, मी सोडत नाही, त्या "ज्ञानोबा माऊली" म्हणतात आणि मी मनात तीस मोजते. काल 104 झाला. पेन्सिलीने कॅलेंडरवर लिहिताना त्या मागून म्हणाल्या, दिवे घाटाला किती लागतो गं?