बांगड्या काढायच्या नाहीत

“त्यांना बांगड्या काढायला सांग ना,” साउंडवाला पोरगा माझ्या कानाशी हिब्रूत पुटपुटला. माइक आजींच्या पदराला लावलेला, आणि हात हलवल्याशिवाय आजींचं एक वाक्य पुरं होत नाही. दर वाक्याला खळखळ. मी जमेल तितक्या मऊ शब्दांत मराठीत विचारलं. आजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या पोराकडे.

“हे गेले तेव्हा नाही काढल्या. ह्याच्यासाठी काढू होय?”

“काय म्हणाल्या?” त्यानं विचारलं.

“नाही म्हणाल्या.”

इस्रायलमधल्या रेहोवोतला येऊन मला चार वर्षं झाली. नवरा संशोधनासाठी आला आणि मी त्याच्यामागून. हिब्रू शिकले ती निम्मी वर्गात, निम्मी बसमध्ये. पोहे आणि आमसुलं आणायला मी रामल्याला जाते. तिथल्या भारतीय किराणा दुकानात एक दिवस एक तरुण दिग्दर्शिका उभी होती. मराठी येणारं कुणी मिळेल का, असं ती मालकांना विचारत होती. मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं. अशी मी माहितीपटवाली झाले. मानधन यथातथाच, पण जेवण मात्र प्रत्येक घरात मिळालं.

विषय होता बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आपल्याकडे अलिबाग, पेण, रोह्याच्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, ही त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची कथा. घाण्याचा धंदा, आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावानं नाव दिलं शनवार तेली. आडनावं गावांची: पेणकर, रोहेकर, किहीमकर. 1948 नंतर त्यांतले बहुतेक हळूहळू इकडे आले. आज रामला, लोद, अश्दोद, दिमोनाच्या बाजारात कानावर मराठी पडतं ते त्यांच्यामुळे. ‘मायबोली’ नावाचं त्यांचं मराठी नियतकालिकही इथून निघालं.

दिग्दर्शिकेला मात्र गलबत नको होतं, मलिदा, म्हणजे त्यांचा पोह्या-फळांच्या प्रसादाचा विधी, नको होता. तिला 1964 हवं होतं.

ते थोडक्यात असं. इस्रायलमध्ये ज्यू माणसाचं लग्न धर्मपीठामार्फतच लागतं. नोंदणी पद्धतीचं लग्न देशात होतच नाही. 1962 मध्ये मुख्य धर्मगुरू यित्झाक निसिम यांच्या कार्यालयातून विवाह नोंदणाऱ्यांना सूचना गेली: वधू किंवा वर बेने इस्रायल असेल, तर त्याच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. शंका अशी, की कोकणात शेकडो वर्षं एकट्या राहिलेल्या या लोकांनी घटस्फोटाचे धर्मनियम पाळले असतील का, आणि बाहेर लग्नं केली असतील का. म्हणजे देशानं बोलावून आणलं ज्यू म्हणून, आणि बोहल्यावर चढताना विचारलं, तुम्ही नक्की ज्यू ना? लोक चिडले. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बायकापोरांसह ठिय्या देऊन बसले. ऑगस्टमध्ये क्नेसेटनं, म्हणजे इथल्या संसदेनं, खास अधिवेशनात ठराव केला, की बेने इस्रायल सर्वार्थानं ज्यू आहेत. मग धर्मपीठानं सूचनेतून त्यांचं नाव तेवढं काढलं. चौकशी ठेवली, फक्त ‘शंका असेल अशा कुणाचीही’ अशा शब्दांत. (सरकारी कागदाची ही चाल आपल्याला नवी नाही.)

दिग्दर्शिकेचं स्वतःचं लग्न सायप्रसला, लार्नाकाच्या पालिकेत झालंय. इथले कितीतरी जण असंच करतात. परदेशात लग्न लावून यायचं, इथे त्याची नोंद होते. त्यामुळे 1964 हा तिच्या लेखी इतिहास नव्हता, चालू खटला होता.

आजी आग्रीपाड्यात वाढलेल्या. ठिय्याच्या वेळी विशीच्या. नव्या इमारतींमधल्या घरांना ममाद असतो, म्हणजे जाड काँक्रीटच्या भिंतींची आसरा घ्यायची खोली. आवाज मुद्रित करायला तिच्यासारखी खोली नाही. पण आजींचं घर जुन्या शिकूनमधलं, म्हणजे सरकारी चाळ म्हणा. तिथे ममाद नाही. मग फ्रिजचं बटण बंद करून स्वयंपाकघरात बसलो, खिडकीखालून भाजीवाल्याचे हाकारे येत राहिले.

दोन तासांत मला एक गोष्ट कळली. आजी हिब्रूत बोलल्या की भाषण व्हायचं. “आम्ही बसलो, आम्ही हललो नाही, आम्ही जिंकलो.” कधीतरी कुठल्या कार्यक्रमात बोललेलं, घोटून पाठ झालेलं. मी मराठीत विचारलं की तोच ठिय्या वेगळा व्हायचा. दिवसा ऊन मी म्हणणारं, पण जेरुसलेम डोंगरावरचं गाव, ऑगस्टातही रात्री गारठा. पातळाचा पदर कुणाच्यातरी पोराला पांघरलेला. शेजारी बसलेली लोदची बाई भाकरी करून आणायची, “आणि ती भाकरी कसली, ज्वारी कुठली मिळायला, मैद्याचंच काहीतरी.” रात्री म्हाताऱ्या बायका कीर्तनातली पदं म्हणायच्या. बेने इस्रायलांमध्ये हरिदासी थाटाची मराठी कीर्तनं दीडेकशे वर्षांपूर्वी सुरू झाली, आख्यान मात्र योसेफाचं किंवा मोशेचं. धर्मगुरूंच्या विरोधात बसलेल्या बायका मराठीत मोशेचं आख्यान लावतायत, हे मी भाषांतर करून सांगितलं तेव्हा दिग्दर्शिकेनं पेन खाली ठेवलं.

मग चहा झाला. कॅमेरा चालूच होता, हे आजींना माहीत होतं, पण त्यांचं लक्ष नव्हतं. समोर मी एकटीच. आणि त्यांनी मला त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाचं सांगितलं. अकरा मिनिटं. मध्ये एकदाच थांबल्या, बशीत कप आपटून. बांगड्या वाजत होत्या, साउंडवाल्यानं हेडफोन कानाला घट्ट धरले होते, शब्द एकही कळत नव्हता तरी.

त्या अकरा मिनिटांत काय होतं ते मी इथेही लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. “तू ते हिब्रूत सांगितलंस का गं त्यांना?”

“अजून नाही, आजी.”

“मग सांगू नको. ती आहे अजून अश्दोदला. तिची नातवंडं आहेत. त्यांना ठाऊक नाही.”

संमतीपत्रावर आजींची सही होती, तीही मराठीत, सुबक वळणाची. कायद्यानं सगळं चित्रीकरण आमचं होतं. दिग्दर्शिका म्हणाली, आंदोलन का झालं ते ह्या अकरा मिनिटांत असणार, बाकी सगळं तोंडीलावणं आहे. तिचं खोटं नव्हतं. तिला भाषांतर हवं होतं, मग वापरायचं की नाही ते ठरवू म्हणाली. मी म्हटलं, एकदा तुला कळलं की तू ते विसरणार कशी? आमचं दोन आठवडे बोलणं बंद होतं. ती दुसरा भाषांतरकार शोधू शकली असती. मराठी येणारे रामल्यात काय कमी आहेत? तिनं शोधला नाही. का, ते मी विचारलं नाही, पण त्या दिवसापासून ती मला आवडते.

सबटायटलं करताना आमचं ‘शनवार तेली’पाशी अडलं. हिब्रूत दोन शब्दांत बसेना. तेल काढणारे, शनिवारी काम न करणारे… ओळ लांबत चालली, पडद्यावर जेमतेम चार सेकंद. तेव्हा ती म्हणाली, तुला माहितीये, आमच्याकडे संपाला ‘शविता’ म्हणतात, आणि शविता अन् शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसावा, एकाच धातूतले, थांबणं. मग आम्ही तिथे बराच वेळ खेळलो. घाणा थांबवणारे लोक आणि ठिय्या देणारे लोक एका शब्दात आणता येतील का, म्हणून. नाही आलं. शेवटी साधं ‘शनिवारचे तेली’ लिहिलं. बघणाऱ्याला कळेल तितकं कळेल.

पहिला खेळ समाजाच्या हॉलमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, बाहेर टेबलावर करंज्या. फिल्म अठ्ठावीस मिनिटांची. ती अकरा मिनिटं त्यात नाहीत. त्यांच्या जागी कपबशी, ओट्यावरची हिरवी बरणी आणि आजींचे हात, चाळीस सेकंद, बोलणं काढून टाकलेलं. साउंडवाल्यानं ते फार जपून केलं होतं.

आजी पहिल्या रांगेत, शेजारी एक थोडी वाकलेली बाई, तसाच चेहरा. मी ओळख विचारली नाही. दिवे लागल्यावर आजींनी मला खुणेनं बोलावलं.

“बांगड्या चांगल्या ऐकू येतात की गं,” त्या म्हणाल्या.